मूल घाबरतं तेव्हा पालकांकडून होणाऱ्या चुका, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं

रात्रीचे साडेनऊ. नऊ वर्षांची मुलगी अंथरुणातून विचारते, "आई, कडी लावलीस ना?" आई म्हणते, "हो गं." पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या वेळी आई तिला दारापाशी नेऊन कडी दाखवते, चौथ्या वेळी शेजारी आडवी होते आणि मुलगी झोपते. सगळ्यांचीच सुटका. फक्त उद्या रात्रीची सुरुवातच शेजारी आडवं होण्यापासून होते.

पहिली चूक हीच. मायेपोटी होते, म्हणून ती चूक वाटतच नाही. मुलाच्या वतीने उत्तर देणं, पाहुण्यांसमोर जायचा प्रसंगच टाळणं, शाळेला "पोट दुखतंय" अशी चिठ्ठी पाठवणं, हे सगळं त्यातच येतं. मी याला भीतीची सरबराई म्हणते. मुलाची चिंता त्या क्षणी उतरते, अगदी खरोखर उतरते, आणि तिथेच फसगत होते. मूल शिकतं की धोका होताच, आई होती म्हणून वाचलो. थोडा वेळ थांबलं तर भीती आपली आपण ओसरते, हे त्याला कधी कळतच नाही.

येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी याच धाग्यावर 'स्पेस' नावाची उपचारपद्धत उभी केली. तिच्यात मूल नाही, फक्त पालक समुपदेशकासमोर बसतात. २०२० साली छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत चिंताविकार असलेली ७ ते १४ वयाची १२४ मुलं होती. पालकांच्या बारा साप्ताहिक बैठकांनी मुलांना झालेला फायदा, मुलांना थेट दिलेल्या सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या) उपचारापेक्षा कमी नव्हता. "तो यायलाच तयार नाही हो," म्हणून हातपाय गाळलेल्या पालकांना मी आधी हे सांगते.

दुसरी चूक बोलण्यातली. "त्यात काय घाबरायचं?" हे एक टोक, "काही होणार नाही, मी आहे ना" हे दुसरं. पहिल्यात मुलाची भीती खोटी ठरते, दुसऱ्यात आपण न पाळता येणारं वचन देतो. त्याऐवजी दोन गोष्टी एकत्र म्हणा: "तुला आत्ता खूप भीती वाटतेय, कळतंय मला. आणि तू ती सोसू शकशील, याची मला खात्री आहे." मध्ये 'आणि'च हवा. 'पण' आला की मुलाला फक्त पुढचं अर्धं वाक्य ऐकू येतं.

आता सगळ्यात जास्त गाडी अडते ती जागा. पालक उत्साहाने ठरवतात, "आता त्याने वर्गात बोलायचं." पण हे मुलाचं काम झालं, ते तुमच्या हातात नाही. "कुणी त्याला नाव विचारलं तर मी मध्ये पडणार नाही," हे तुमच्या हातात आहे. रोज किंवा दिवसाआड घडणारी अशी एकच सरबराई निवडा. ती बंद करणार असल्याचं भर दिवसा, मूल शांत असताना सांगा: "सोमवारपासून कडीबद्दल मी एकदाच उत्तर देईन. नंतर विचारलंस तर उत्तर देणार नाही." हवं तर चिठ्ठीवर लिहून द्या. रडारड चालू असताना नियम जाहीर केला तर मुलाला ती शिक्षा वाटते.

सोमवारी काय होईल? बहुधा प्रश्न वाढतील, रडणं वाढेल, "तुला मी आवडतच नाही" हेही ऐकावं लागेल. चौथ्या रात्री हार मानलीत तर मूल एवढंच शिकेल की जास्त वेळ रडावं लागतं. ओरडू नका, वाद घालू नका. वरचं छान वाक्यही वीस वेळा घोकू नका, नाहीतर तेच नवं आश्वासन होऊन बसतं. एकदा म्हणा आणि गप्प राहा. (गप्प राहणं सगळ्यात अवघड, हे मान्य.) आणि घरात दुसरं कुणी गुपचूप जाऊन कडी दाखवून येत नाही ना, तेही बघा.

उलट बाजूची चूक म्हणजे मुलाला एकदम पाण्यात ढकलणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकिगत मांडली. तो आवडीचं खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला आणि शेवटी पीटर त्याला हात लावू लागला. दोन आठवड्यांनीही तसूभर फरक नसेल, तर बहुतेक तुमची पायरीच उंच आहे. "एकदाच" जमत नसेल तर "तीनदाच" पासून सुरू करा.

आणखी एक तपासा: भीतीमागे खरंच काही कारण तर नाही? वर्गात कुणी छळत असेल, वाचन-लेखन खरोखर जड जात असेल, तर मुलाला धीर धरायला सांगणं अन्याय आहे. तिथे आधी ती अडचण सोडवायची.

शाळा आठवडेच्या आठवडे बुडत असेल, खाणं-झोप कोलमडली असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. मूल मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर पुढच्या आठवड्याची वेळ घेत बसू नका. मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.