जुन्या मिनीव्हॅनचा मागचा फॅन बंद पडला तर आधी काय बघायचं

मागचा ब्लोअर (एसीची हवा फेकणारा फॅन) बंद पडला की लोक थेट मोटर बदलायला निघतात, प्लीज तसं करू नका, बऱ्याचदा मोटर चांगली असते. आधी पुढच्या पॅनलवरचं रिअरचं बटण बघा, बऱ्याच गाड्यांमध्ये ते ऑफ असेल तर मागचा स्विच कितीही फिरवा, काही होत नाही. मग फ्यूज, नुसता बघून नाही तर टेस्टरने चेक करा, आणि उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, मोठा टाकलात तर वायर जळेल. रिले (मोटरचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) तसाच दुसरा असेल तर अदलाबदल करून बघा.

फक्त फुल स्पीडवर चालतोय? मग जवळपास नक्की रेझिस्टर (फॅनचा स्पीड कमी करणारा भाग) गेलाय, तो मोटरजवळच हवेच्या मार्गात असतो, काढताना कनेक्टर वितळलाय का तेही बघा कारण तो तसाच ठेवला तर नवीन रेझिस्टरपण टिकणार नाही.

अजिबातच चालत नसेल तर साइडचं ट्रिम (आतलं प्लास्टिकचं कव्हर) काढा, स्विच फुलवर ठेवून मोटरच्या कनेक्टरच्या दोन्ही पिनांमध्ये मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) लावा. साधारण १२ व्होल्ट येतायत तर मोटर गेली, हलकं ठोकल्यावर फिरली तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) झिजलेत. व्होल्टेज नसेल तर एक प्रोब (मीटरचं टोक) गाडीच्या बॉडीला लावून, दुसरा पॉझिटिव्ह पिनवर ठेवून परत मोजा, आता आलं तर सप्लाय ठीक आहे, अर्थिंग किंवा स्विचची बाजू तपासा. आणि हो, मोटर खोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढाच.