रंगीत काचेतला ख्रिस्त वाचायचा तर खालून सुरुवात करा

चर्चच्या रंगीत काचेच्या खिडक्यांत चित्रांच्या ओळींनी सांगितलेली येशूची गोष्ट वाचायची तर दुर्बीण हवीच. शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातल्या, ठळक घटना माहीत आहेत असं धरून चालतो. दिवस ढगाळ असेल तर उत्तम: भगभगीत उन्हात काच नुसती झगमगते, मंद उजेडात चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या दिसतात. आणि पाहायचं ते आतून. बाहेरून काच काळीच दिसते.

आता खरा घोळ, क्रमाचा. पहिल्यांदा मी पुस्तकाचं पान वाचावं तशी खिडकी वाचली. येशू आधी स्वर्गात गेला आणि सगळ्यात शेवटी गव्हाणीत जन्मला! अर्धा तास मी माझंच बायबल कच्चं आहे असं समजून मान दुखवत उभा होतो. मध्ययुगातल्या बहुतेक खिडक्या खालून वर चढतात. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये पश्चिम भिंतीवरची मधली खिडकी घ्या, साधारण ११५० ची. तळाच्या ओळीत डावीकडे गब्रिएल देवदूत येशूच्या आईला, मरीयेला, निरोप सांगतोय, मधे मरीया तिच्या नात्यातल्या अलीशिबेला भेटतेय, उजवीकडे येशूचा जन्म. पुढची गोष्ट वरच्या ओळीत.

पण ‘खालून वर’ हाही मंत्र करून टाकू नका. कुठे ओळी नागमोडी जातात, कुठे मोठं चित्र मधोमध असतं. मी आधी दोनच खुणा शोधतो: गव्हाणी आणि क्रूस. गव्हाणीपाशी बैल आणि गाढव डोकावत असतात, चुकायची सोय नाही. या दोन जागा सापडल्या की गोष्ट कुठून कुठे वाहते ते कळतं. मधली चित्रं मग भरत जायची. तरीही एखादं बसत नसेल तर डोकं फोडून घेऊ नका. जुन्या काचा उतरवून पुन्हा बसवताना तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. ‘प्रत्येक चित्राला अर्थपूर्ण जागा असते’ असं ठासून सांगणाऱ्यांना मी हल्ली मान डोलावून पुढे जातो.

दुसरं, प्रत्येक चित्र येशूचं नसतं. माशाच्या तोंडातून बाहेर येणारा माणूस म्हणजे योना, जुन्या करारातला (बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातला) संदेष्टा. तो तीन दिवस माशाच्या पोटात होता, म्हणून त्याला पुनरुत्थानाच्या, म्हणजे येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत होण्याच्या, जोडीला बसवतात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलमध्ये, १५१५ ते १५४७ या काळातल्या बहुतेक खिडक्यांत, खाली नवा करार (येशूची गोष्ट) आणि वर त्याला जुळणारा जुन्या करारातला प्रसंग आहे. तिथे सरळ खालून वर वाचत गेलात तर दोन गोष्टींची खिचडी होईल.

माणसं ओळखणं सोपं. तेजोवलयात क्रूस दिसला की तो ख्रिस्त. शेवटच्या भोजनात पैशांची पिशवी धरलेला तो यहूदा, येशूला दगा देणारा शिष्य. ढगाखाली नुसती पावलं लोंबताना दिसली तर स्वर्गारोहण.

घरी फोटोवरून अभ्यास करणार असाल तर आधी आशीर्वाद देणारा हात पाहा. तो डावा दिसला तर फोटो बहुधा उलटा छापलाय, आणि तुम्ही लावलेला डावी-उजवीचा सगळा क्रमही उलटा आहे.