गावचं घर बंद करताना सेल आणि बॅटऱ्यांचं काय करायचं?

मे महिन्याची सुट्टी संपवून कोकणातलं घर थेट गणपतीपर्यंत बंद ठेवायचं असेल, तर गॅस, नळ, कुलपं यांच्या जोडीला सेलही आठवायला हवेत. सेल वापरून संपला तर नुकसान सेलाचंच. वस्तूत विसरला आणि गळला, तर वस्तूही जाते.

निघायच्या आदल्या दिवशी घरभर एक फेरी मारा. रिमोट, टॉर्च, रेडिओ, वजनकाटा, सगळ्यांची झाकणं उघडून सेल काढून घ्या. बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर नको, असं मोठी माणसं म्हणतील. मग घड्याळच उतरवून कपाटात ठेवा, वाद कशाला! स्वस्तातले कार्बन-झिंकचे सेल तर आठवणीने काढा. त्यांचा जस्ताचा डबाच ऋण टोक असतो; सेल वापरला जातो तसा तो आतून झिजतो, शेवटी भोक पडतं. अल्कलाइन सेलही गळतात. स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली, तर हातमोजे घालून कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून पुसा. किंचित फसफसेल. मग ओल्या फडक्याने टिपून पूर्ण वाळू द्या.

काढलेले सेल किल्ल्या-नाण्यांच्या खणात टाकू नका. प्लॅस्टिकच्या डब्यात, तोंडं एका दिशेला करून ठेवा. एकत्र वापरलेली जोडी रबरबँडने एकत्रच बांधा. नव्याबरोबर जुना लावला, तर जुना आधी संपतो, उलटा चार्ज होऊ लागतो आणि गळतो. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं शेजारी असतात, त्यांवर चिकटपट्टी हवीच.

सेल फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही ऐकू येतो, तो सोडा. अल्कलाइन सेल साध्या खोलीत वर्षाला २-३ टक्केच उतरतो. फ्रिजमधून काढल्यावर मात्र त्यावर दव धरतं. पत्र्याखालचा तापलेला माळा टाळा, आतल्या खोलीतलं कोरडं कपाट पुरे.

बटण सेल वेगळे, उंचावर ठेवा. २०३२ क्रमांकाचा सेल २० मिलिमीटर रुंद, ३ व्होल्टचा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर २ तासांत गंभीर भाजतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठा.

चार्जिंगच्या वस्तूंचा नियम एकच नाही. लिथियमची बॅटरी असलेला टॉर्च, जुना मोबाइल, पॉवर बँक निम्म्या चार्जवर ठेवा. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी मात्र पूर्ण भरलेलीच हवी. अर्धवट उतरलेली पडून राहिली, तर प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात, मग ती चार्ज घेत नाही. म्हणून पूर्ण चार्ज झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा, इन्व्हर्टर बंद करा, आधी ऋण टोकाची वायर सोडवा. शेजारी विश्वासाचे असतील, तर महिन्यातून एकदा दिवसभर चार्जिंगला लावायला सांगा. झाकणाची छिद्रं बुजली नाहीत ना, तेही पाहा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

संपलेले सेल गावच्या उकिरड्यावर नकोत, शहरातल्या ई-कचरा केंद्रात द्या. न फोडलेलं एक पाकीट मात्र तारीख बघून दाराजवळच्या फळीवर टॉर्चशेजारी ठेवा. गणपतीला रात्री उशिरा पोहोचाल, तेव्हा वीज असेलच असं नाही.