त्या गाठी नाहीत: पीसीओएसचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: या गाठी काढाव्या लागतील का? नाही. बहुतेक घोळ याच प्रश्नापासून सुरू होतो, म्हणून आधी तोच सोडवू.

पडद्यावर अंडाशयाच्या कडेकडेने, माळेतल्या मण्यांसारखे, काळे गोल बसलेले दिसतात. प्रत्येक गोल साधारण 2 ते 9 मिलिमीटरचा. ही फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढतं त्या द्रवाने भरलेल्या इवल्या पिशव्या. त्या प्रत्येकीच्या अंडाशयात असतात. एरवी एका पाळीत त्यांतली एक पुढे जाते, 20 मिलिमीटरच्या आसपास पोचते, फुटते आणि बीज बाहेर येतं. बाकीच्या विरून जातात. पीसीओएसमध्ये, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम या हार्मोनच्या बिघाडात, बऱ्याच पाळ्यांत पुढे कुणीच जात नाही, सगळ्या अर्ध्या वाटेवर थांबतात. 1935 साली स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी अशा अंडाशयांचं वर्णन केलं, तेव्हापासून ‘सिस्ट’ हा शब्द चिकटला तो चिकटलाच. मला विचाराल तर या एका शब्दाने बायकांना विनाकारण फार घाबरवलंय.

का थांबतात? मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच हे हार्मोन जास्त येतं आणि त्याच्या जोराने फॉलिकलभोवतीच्या पेशी अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखे हार्मोन, जास्त तयार करतात. अँड्रोजेन सुरुवातीच्या वाढीला रेटा देतं, त्यामुळे छोट्या फॉलिकलची गर्दी होते. प्रत्येक छोटं फॉलिकल एएमएच नावाचं हार्मोन सोडतं, आणि एएमएच वाढलं की फॉलिकल एफएसएचला, म्हणजे त्यांना वाढवणाऱ्या पिट्युटरीच्याच दुसऱ्या हार्मोनला, दाद देईनाशी होतात. पुढची वाढ तर एफएसएचवरच अवलंबून, आणि तेही इथे तुलनेने कमीच पडतं. त्यात इन्सुलिन वाढलेलं असेल तर ते अंडाशयाला आणखी अँड्रोजेन बनवायला लावतं. शिवाय यकृतातून येणारं एसएचबीजी घटवतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन ते हेच. ते घटलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं.

म्हणूनच ‘एएमएच भरपूर आहे, म्हणजे काळजी नाही’ हा निष्कर्ष चुकीचा. आकडा फॉलिकलची संख्या सांगतो, बीज सुटतंय की नाही ते सांगत नाही. दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना एककही बघा: 1 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे 7 पिकोमोल प्रति लिटर. 5 वरून 35 झालं म्हणून धसका घेण्याआधी ही ओळ वाचा, कदाचित काहीच बदललेलं नसेल.

सगळ्यात जास्त वाया जाणारी तपासणी म्हणजे पाळी नियमित करणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या चालू असताना केलेलं टेस्टोस्टेरॉन. या गोळ्या एलएच दाबतात आणि एसएचबीजी वाढवतात. आकडा नॉर्मल येतो आणि ‘तुम्हाला काही नाही’ असं ऐकून बाई घरी जाते. गोळ्या थांबवून किमान 3 महिने झाल्यावर ही तपासणी करावी. पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला आणि मधल्या काळात गर्भनिरोधनाचं काय ते ठरवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. काही यंत्रांवर त्याने हार्मोनचे आकडे बिघडतात.

एलएच आणि एफएसएचचं प्रमाण 2:1 आलं नाही, म्हणून पीसीओएस नाही, असंही धरू नका. ते प्रमाण निकषांत नाहीच. 2003 मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांनुसार अनियमित बीजमोचन (बीज सुटणं), अँड्रोजेनचा अतिरेक आणि सोनोग्राफीतलं ते चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएचही चालतं. मात्र पाळी सुरू होऊन 8 वर्षं झालेली नसतील तर त्या मुलीच्या निदानासाठी सोनोग्राफी किंवा एएमएच वापरू नये. त्या वयात फॉलिकलची गर्दी स्वाभाविक असते. आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (ज्यावरून अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा बिघाड कळतो ते हार्मोन) तपासल्याशिवाय शिक्का मारून घेऊ नका, कारण पाळी लांबण्यामागे तीही कारणं असू शकतात.

आता ‘21 व्या दिवसाचं’ प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर अंडाशयात बनणारं हार्मोन; बीज सुटलं का, ते या तपासणीत बघतात. हा दिवस 28 दिवसांच्या पाळीसाठी आहे. पाळी 40 दिवसांनी येत असेल तर बीज 26 व्या दिवसाच्या सुमारास सुटतं आणि तपासणी 33 व्या दिवसाच्या आसपास हवी, म्हणजे पुढच्या पाळीच्या साधारण 7 दिवस आधी. 21 व्या दिवशी आकडा कमी येणारच.

बीजच सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन बनत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं. पाळी 90 दिवसांहून जास्त लांबली तर ‘आमच्यात असंच असतं’ म्हणून बसू नका. गरोदरपणाची तपासणी करा आणि डॉक्टरांकडे जा. असं वर्षानुवर्षं चाललं तर त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि तो टाळायला बऱ्याचदा ठरावीक काळाने घेतलेल्या प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्याही पुरतात.