सेव्हिलमध्ये तापास खायला जाताय? या चुका टाळा

स्पेनमधल्या सेव्हिलला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या लोकांच्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. संध्याकाळी सातला भूक लागली तर स्वयंपाकघरं बंद, जिथे मिळालं तिथे महाग पडलं, आणि शाकाहारी समजून मागवलेल्या बशीत हॅमचे तुकडे निघाले. खाण्यापिण्यासाठी इतक्या चांगल्या गावातून माणसं बर्गर खाऊन परत येतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यातली जवळजवळ प्रत्येक अडचण टाळता येण्यासारखी आहे. आपण एक हॉटेल, एक टेबल आणि एक पोटभर जेवण शोधत फिरतो. तिथली माणसं मात्र एका बारमध्ये दोन तापास, म्हणजे छोट्या बशीतले पदार्थ, खातात, पुढच्या बारकडे चालत जातात आणि तिथे आणखी दोन खातात. ही एक गोष्ट पटली की निम्मी अडचण तिथेच सुटते.

आपल्या वेळेला जेवायला जाणं

दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढे. मधल्या वेळात, साधारण साडेचार ते आठ, बहुतेक स्वयंपाकघरं बंद असतात. लहान मुलं किंवा मधुमेह असलेले आईवडील बरोबर असतील तर हे आधीच लक्षात घेऊन दिवस आखा. सकाळी टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला टोस्ट, म्हणजे तोस्तादा, जरा उशिराच खा. दुपारी दीडच्या सुमारास बारपाशी पोचा. तेव्हा उभं राहायला जागा असते आणि वाढणाऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळही असतो. रात्री आठ-साडेआठला, दार उघडल्या उघडल्या जा. स्थानिक गर्दी तासाभराने सुरू होते.

तरीही सहा वाजता भूक लागलीच, तर 'कोसिना इनिन्तेरुम्पिदा' अशी पाटी शोधा. तिथलं स्वयंपाकघर दिवसभर चालू असतं. नाहीतर साध्या बारमध्ये जाऊन थंड पदार्थ मागा. चीज, ऑलिव्ह, तोर्तियाचा म्हणजे बटाटा-अंड्याच्या जाड ऑम्लेटचा तुकडा, यासाठी पुष्कळ ठिकाणी चूल पेटलेली असावी लागत नाही.

फोटोंचे फलक बघून शिरणं

कॅथीड्रलच्या भोवती, दारात पाएयाचे रंगीत फोटो आणि पाच भाषांतले मेनू लावलेली हॉटेलं ओळीने दिसतात. पाएया हा व्हॅलेन्सियाचा भात आहे आणि स्पेनमध्ये तो दुपारी खायचा पदार्थ मानतात. रात्री नऊला मागितल्यावर पाच मिनिटांत समोर आला, तर तो नक्कीच तुमच्यासाठी नव्याने शिजवलेला नाही. सांग्रिया, म्हणजे फळं घातलेली वाइन, हीही बहुधा पर्यटकांसाठीच. उन्हाळ्यात सेव्हिलकर तिंतो दे वेरानो पितात, म्हणजे बर्फ घातलेली रेड वाइन आणि वर सोडा किंवा लेमनेड. ते स्वस्तही पडतं.

पण म्हणून कॅथीड्रलजवळचं सगळंच टाकाऊ समजणं ही उलटी चूक झाली. कॅथीड्रलपासून निघणाऱ्या मातेओस गागो रस्त्याच्या बाजूला बोदेगा सान्ता क्रूस आहे, ज्याला सगळे 'लास कोलुम्नास' म्हणतात, आणि तिथे गावातली माणसंही गर्दी करतात. कॅथीड्रलच्या दुसऱ्या अंगाला कासा मोरालेस, १८५० सालचं. आत माणसापेक्षा उंच मातीचे वाइनचे रांजण भिंतीला लावून उभे आहेत. थोडं चालायची तयारी असेल तर सान्ता कातालिना चर्चजवळचं एल रिनकोनसियो गाठा. ते १६७० पासूनचं आहे. वरचा मजला रेस्टॉरंटसारखा आहे, पण माझं ऐकाल तर खालीच, लाकडी काउंटरशी उभं राहून खा.

नदीपलीकडच्या त्रियाना या भागाला एक दुपार द्या. राणी इसाबेल दुसरी हिच्या नावाचा पूल ओलांडला की लगेच त्रियानाची मंडई लागते. ती सान होर्खे किल्ल्याच्या अवशेषांवर उभी आहे आणि आत गाळ्यांच्या मधोमध छोटे खाण्याचे ठेले आहेत. मंडई दुपारची. संध्याकाळच्या भरवशावर जाऊ नका.

किती येणार हे न विचारता मागवणं

मेनूत बहुधा तीन आकार असतात: तापा, मेदिया रासिओन आणि रासिओन. तापा म्हणजे एका माणसाचे तीन-चार घास, रासिओन म्हणजे भरलेली थाळी, आणि मेदिया रासिओन म्हणजे त्याच्या निम्मी. चौघांनी चार रासिओन मागवल्या की अर्धं अन्न उरतं आणि बिल फुगतं. सुरुवातीला प्रत्येकी एक तापा घ्या, खा, मग पुढचं सांगा. सगळं एकदम सांगितलंत तर सगळं एकदम येईल, आणि तळलेले मासे गार होतील.

बाहेरच्या टेबलांवर तापा मिळत नाही, फक्त रासिओनच, असा नियम काही बारमध्ये असतो. काही ठिकाणी बाहेर बसण्याचा दर वेगळा असतो. बसण्याआधी विचारलं तर वाद होत नाही. साध्या बारमध्ये तापा साधारण ३ ते ५ युरोंना पडतो. सगळेच आकडे याच्या बरेच वर दिसले तर पुढे चालायला हरकत नाही. मासे किंवा कोळंबीसमोर आकडा नसून 'सेगून मेर्कादो' लिहिलं असेल, तर तो त्या दिवसाचा बाजारभाव असतो. किंमत आधी विचारा, वजनावर असेल तर वजनही. बिलावर सगळ्यात मोठा धक्का बसतो तो याच ओळीमुळे.

'मांस नको' एवढंच सांगणं

आपल्या लोकांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. 'मांस नको' म्हटलं की तिथे बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर मटणाचा मोठा तुकडा येतो. हॅमची चुरी आणि ट्यूना त्यात धरले जातीलच असं नाही. कुणी मुद्दाम फसवत नसतं, त्यांची सवयच तशी आहे. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन.' मी मांस, मासे, हॅम खात नाही. अंडं चालत नसेल तर 'नि हुएवो' जोडा. फोनवर लिहून दाखवलं तर आणखी चांगलं.

आता पदार्थ. सालमोरेहो हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेलं दाट, थंड सार, मूळ कोर्दोबाचं. दिसायला निखळ शाकाहारी, पण वर हॅम आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे पेरूनच येतं. 'सिन हामोन' म्हणजे 'हॅमशिवाय' असं आधी सांगा. बटाट्याच्या पापास आलिन्यास या गार सॅलडमध्ये बरेचदा ट्यूना असतो, एन्सालादियात, म्हणजे मेयोनीज घातलेल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये, ट्यूना किंवा कोळंबी असतेच. क्रोकेता, म्हणजे आतून मऊ असे तळलेले छोटे रोल, बहुधा हॅमच्या. वांग्याचे काप तळून वर उसाची काकवी घालून देतात. ते फार छान लागतात, मात्र तळण माशांच्याच तेलात झालेलं असू शकतं. ते चालणार नसेल तर विचारून घ्या.

आणि एस्पिनाकास कोन गार्बान्सोस चुकवू नका. पालक आणि काबुली चणे, त्यात लसूण, जिरं, पाप्रिका, आणि तळलेला पाव कुटून आणलेला दाटपणा. मातीच्या छोट्या वाडग्यात गरम येतो, वर तेलाचा तवंग, बाजूला पावाचे कुरकुरीत तुकडे. जिऱ्याचा वास नाकाशी आला की आपल्या डाळ घातलेल्या पालकाची आठवण होणारच. एल रिनकोनसियोमध्ये हा पदार्थ नावाजलेला आहे.

मांसाहारी मंडळींनीही दोन नावं ओळखून ठेवावीत. 'तेर्नेरा' आणि 'कोला दे तोरो' हे गोमांसाचे पदार्थ. प्रिंगा भरलेला छोटा पाव, मोन्तादितो दे प्रिंगा, सेव्हिलची खास चीज आहे, पण त्यात डुक्कर आणि गोमांस एकत्र शिजवून कुस्करलेलं असतं. ज्यांना वर्ज्य नाही त्यांनी जरूर खावा. सोलोमियो अल व्हिस्की हे लसणीच्या रश्श्यातलं डुकराचं मांस. या दोन्ही वाटा नको असतील तर मासे आहेतच: व्हिनेगर-मसाल्यात मुरवून तळलेला कासोन एन आदोबो मागा. हा छोट्या शार्कचा मासा, आणि आपल्या मोरीच्या चाहत्यांना तो लगेच आवडेल.

फुकट तापा येईल म्हणून वाट बघणं

पेयाबरोबर फुकट तापा ही ग्रानादाची रीत. सेव्हिलमध्ये फार तर ऑलिव्हची वाटी येईल. टेबलावर ठेवलेला पाव आणि पिकोस नावाच्या छोट्या काड्या मात्र बिलात लागू शकतात. नको असतील तर ठेवतानाच 'नो, ग्रासियास' म्हणा. पाण्यासाठी बाटली घ्यायलाच हवी असं नाही. स्पेनच्या २०२२ च्या कायद्याप्रमाणे हॉटेलांनी नळाचं पाणी फुकट द्यायचं असतं. 'आग्वा देल ग्रीफो' मागा.

कुणीतरी येईल म्हणून ताटकळणं

काउंटरपाशी रांग नसते. मागे नम्रपणे उभे राहिलात तर उभेच राहाल. पुढे सरका, कोपरभर जागा मिळवा, वाढणाऱ्याशी नजर भिडली की 'कुआन्दो पुएदास' म्हणा, म्हणजे 'सवडीने बघा'. यात उद्धटपणा काहीच नाही. बिअर हवी तर कान्या मागा. तो छोटा ग्लास असतो, कारण ४० अंशांच्या उन्हाळ्यात मोठी बिअर संपेपर्यंत कोमट होते. शेरी, म्हणजे दक्षिण स्पेनची कडक वाइन, घेऊन बघायची असेल तर मान्सानिया किंवा फिनो हे तिचे कोरडे प्रकार मागा, थंडगार. माशांबरोबर याहून चांगलं काही नाही.

बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण तुम्हाला उठवणं तिथे असभ्य समजतात. 'ला क्वेन्ता, पोर फावोर' म्हणा. एल रिनकोनसियो आणि लास कोलुम्नासमध्ये तुमचा हिशोब खडूने थेट काउंटरवरच लिहितात, एकेक पदार्थ वाढेल तसा आकडा वाढत जातो. तिथे बशा सरकवताना किंवा हात टेकताना तो पुसला जाणार नाही एवढं बघा. टिपेची सक्ती नाही, कर किमतीतच धरलेला असतो.

ऑगस्टमध्ये जाणार असाल तर एक गोष्ट आधीच तपासा: कितीतरी चांगले बार त्या महिन्यात काही आठवडे कुलूप लावतात, आणि एरवीही रविवारी रात्री किंवा सोमवारी बंद असतात. उलट ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात पाय ठेवायला जागा नसते, आणि एप्रिलच्या जत्रेच्या दिवसांत काही बार बंदही असतात. तेव्हा टेबल हवंच असेल तर बरेच दिवस आधी राखून ठेवा.