बीमरच्या स्लाइडवर फोटोंचा ग्रिड: या चुका टाळा

सोलापुरात वस्त्रोद्योगावरचा प्रकल्प सादर करायचा म्हटलं की एका स्लाइडवर चार चादरी दाखवणं आलंच. नक्ष्या शेजारीशेजारी दिसल्या तरच मोराचं वळण कुठे वेगळं आहे, काठ कुठे रुंद आहे हे समोरच्याला कळतं. लाटेक ही कोड लिहून मजकूर मांडायची प्रणाली, आणि बीमर हा तिचा स्लाइड बनवण्याचा भाग. त्यात ही मांडणी सुरेख होते. पण दोन रांगा केल्या की बहुतेकांचे खालचे फोटो स्लाइडबाहेर जातात आणि मग विड्थचा (फोटोच्या रुंदीचा) आकडा ०.४८, ०.४५, ०.४२ असा अंदाजाने कमी करणं सुरू होतं. इथे अंदाजापेक्षा साधं गणित जास्त कामाला येतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त रुंदीचा हिशोब करणं. बीमरची स्लाइड ४:३ मध्ये १२८ × ९६ मिमी असते. ॲस्पेक्टरेशो या पर्यायाला १६९ (म्हणजे १६:९) दिलं तर ती १६० × ९० मिमी होते. दोन्ही बाजूंचा एकेक सेंटिमीटर समास सोडला की टेक्स्टविड्थ, म्हणजे मजकुराची रुंदी, उरते १४० मिमी. आता ४:३ चा आडवा फोटो ०.४८ टेक्स्टविड्थने घाला. तो ६७ मिमी रुंद आणि ५० मिमी उंच होतो. दोन रांगांचे झाले १०० मिमी, आणि स्लाइडच मुळात ९० ची! त्यातही शीर्षक आणि तळपट्टी आपापली जागा घेतात. टंचाई उंचीची आहे, म्हणून आधी उंची ठरवा.

थीमप्रमाणे फरक पडेल, पण मजकुराला साधारण ६५ मिमी मिळतात असं धरू. दोन रांगा, प्रत्येकीखाली एका ओळीचं नाव आणि मध्ये थोडी फट काढली, तर एका फोटोच्या वाट्याला जेमतेम २६ मिमी उंची येते. त्या उंचीचा आडवा फोटो ३५ मिमी रुंद होतो. म्हणजे २ × २ मध्ये निम्मी रुंदी रिकामी राहते आणि तेवढ्याच उंचीत ३ × २ आरामात बसतं. भुईकोट किल्ल्याचे बुरूज, नान्नजचं माळरान असे आडवे फोटो असतील तर सहांचा ग्रिड करा. चादर मात्र उभी असते. तिचे ३:४ चे चार उभे फोटो एकाच रांगेत लावले तर प्रत्येकाला ३३ × ४४ मिमी मिळतात. दोन रांगांच्या हट्टापेक्षा हे कितीतरी चांगलं, नक्षी मागच्या बाकावरूनही दिसते.

दुसरा फोटो शेजारी न बसता खाली उतरतो, ही तक्रारही नेहमीची. दोन मिनिपेज (ठरावीक रुंदीच्या चौकटी) ०.५ टेक्स्टविड्थचे केले की बेरीज बरोबर एक होते, पण कोडमध्ये पहिलं मिनिपेज संपल्यावर जी नवी ओळ येते तिची लाटेक एक मोकळी जागा मोजतं. तेवढ्याने रांग भरून वाहते. पहिल्या मिनिपेजच्या शेवटी % लिहा, किंवा ०.४८ ठेवून मध्ये एचफिल (उरलेली आडवी जागा भरणारी आज्ञा) द्या. मध्ये कोरी ओळ सोडली असेल तर तिथे परिच्छेदच तुटतो, मग एचफिलही उपयोगी पडत नाही. कोरी ओळ फक्त रांग संपल्यावर सोडावी.

फोटो वरखाली दिसतात तेव्हा बहुधा नावांच्या ओळी कमीजास्त असतात. मिनिपेज मूळचं मध्यरेषेवर जुळतं, त्यामुळे दोन ओळींचं नाव असलेला फोटो वर सरकतो. मिनिपेजला धाकटा टी (t) हा पर्याय द्या. इथे एक गंमत नीट समजून घ्यायला हवी: लाटेकच्या लेखी चित्राची आधाररेषा त्याच्या तळाशी असते, म्हणून धाकट्या टीने फोटोंचे तळ जुळतात, माथे नाही. खाली नावं असतील तर तेच हवं असतं. माथे जुळवायचे असतील तर मिनिपेजऐवजी बीमरचे कॉलम्स (स्तंभ) वापरून थोरला टी (T) द्या, सोबत ओन्लीटेक्स्टविड्थ हा पर्याय. नाहीतर फोटोंच्या कडा वरच्या मजकुराशी जुळत नाहीत.

रुंदी-उंची दोन्ही सांगितली आणि कीपॲस्पेक्टरेशो (मूळ प्रमाण राखणारा पर्याय) विसरलात, तर फोटो ताणला जातो. इमारतीत ते एक वेळ खपेल, चादरीच्या नक्षीत नाही. फोटोंचे आकार सारखे नसतील तर ट्रिम या पर्यायाने कडा कापा. क्रम डावी, खालची, उजवी, वरची बाजू असा असतो. सोबत क्लिप हा पर्याय नसेल तर कापलेला भाग तसाच दिसत राहतो आणि शेजारच्या फोटोवर चढतो. जकार्ड मागावर विणलेल्या नक्षीचा एक पूर्ण फेर चौकटीत राहील असंच कापावं, अर्धा मोर ठेवून तुलना होत नाही.

फाइल जड झाली की दोष बीमरला दिला जातो. वास्तविक जेपीजी पीडीएफमध्ये आहे तशीच जाते, स्लाइडवर लहान दिसली म्हणून हलकी होत नाही. १९२० पिक्सेल रुंद प्रोजेक्टरवर ३३ मिमीच्या फोटोला चारशे पिक्सेल पुरतात. झूम करायचा असेल तर आठशे ठेवा. चार हजारांची गरज नाही.

नावं मराठीत हवी असतील तर झीलाटेक किंवा लुआलाटेक या लाटेकच्या आवृत्त्या वापरा. तरी चौकोनच दिसत असतील तर सेटमेनफॉन्ट या (मुख्य फॉन्ट ठरवणाऱ्या) आज्ञेवर थांबला असाल. बीमर मूळचं सॅन्स (टोकांना फाटे नसलेलं) अक्षर घेतं, त्यामुळे देवनागरी फॉन्ट सेटसॅन्सफॉन्टमध्ये द्यावा लागतो.

आणि लॉग, म्हणजे लाटेक चालवल्यावर मिळणारी नोंद, वाचा. स्लाइड भरून वाहिली तर बीमर पुढचं पान आपणहून काढत नाही, फक्त ओव्हरफुल व्हीबॉक्सचा (उंचीत मावलं नाही असा) इशारा देतं आणि किती पॉइंट जास्त झाले तेही सांगतं. साडेअठ्ठावीस पॉइंट म्हणजे एक सेंटिमीटर. तेवढा इशारा आला आणि दोन रांगा असतील, तर प्रत्येक फोटोची उंची ५ मिमीने कमी करा.