केशरी कार्ड आहे, पण धान्य मिळत नाही? प्राधान्य यादीत नाव लावताना

केशरी शिधापत्रिका हातात आली म्हणजे रेशनचं धान्य सुरू झालं, असं नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ खाली ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून निवड झालेल्या कार्डालाच माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंत्योदय म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांसाठीच्या योजनेच्या पिवळ्या कार्डाला माणसं कितीही असोत, कुटुंबामागे ३५ किलो. म्हणून आधी कार्डावरचा योजनेचा शिक्का बघा. तो पुसट असेल तर दुकानात बारा अंकी आरसी (शिधापत्रिका) नंबर सांगून कार्ड कुठल्या योजनेत आहे ते ई-पॉस मशीनवर, म्हणजे अंगठा लावून धान्य देण्याच्या मशीनवर, पाहून घ्या.

प्राधान्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये, शहरात ५९,०००. केशरी कार्ड मात्र एक लाखापर्यंत मिळतं. घोळ होतो तो इथेच: कार्ड केशरी, पण उत्पन्न ७५,०००, मग धान्य नाही. ही मर्यादा आजच्या मजुरीच्या मानाने फारच तोकडी आहे, पण अर्ज तिच्यावरच तपासला जातो. आणि उत्पन्न धरायचं ते अख्ख्या कुटुंबाचं. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी आधीच काढलेला उत्पन्नाचा दाखला जोडण्याआधी त्यावरचा आकडा वाचा. दाखला चालू वर्षाचा आणि तहसील कार्यालयाचाच लागतो; तो सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून काढता येतो. घरात चारचाकी असेल (टॅक्सीचालकाला सूट आहे) किंवा चार हेक्टर किंवा त्याहून जास्त बारमाही बागायती जमीन असेल, तर केशरी कार्डच बसत नाही.

अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यायचा. मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात. सोबत कार्डाची प्रत, घरातल्या सगळ्यांचे आधार, उत्पन्नाचा दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. कायद्याप्रमाणे कुटुंबप्रमुख म्हणून अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या महिलेचं नाव लागतं. जुन्या कार्डावर पुरुषाचं असेल तर तो बदलही याच वेळी मागा.

कार्डावर नाव नसलेल्या माणसाचं धान्य येत नाही, त्यामुळे नावं आधी पुरी करा. नाव वाढवायला नमुना ८, कमी करायला नमुना ९. बाळासाठी जन्मदाखला. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी करून तसा दाखला आणावा लागतो. ते राहिलं तर एकच आधार दोन कार्डांवर दिसतो आणि अर्ज तिथेच अडतो.

एवढं सगळं बरोबर असूनही उत्तर येतं, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ इष्टांक म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या. ही थाप नसते. राज्याला साधारण ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे आणि ती तालुक्यांत वाटलेली आहे. मृत, स्थलांतरित आणि अपात्र नावं वगळली की जागा होते. म्हणून अर्ज परत घेऊ नका. आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्या, आणि नकार असेल तर तो लेखी मागा. पुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाताना हाच कागद लागतो. तोंडी ‘नंतर या’ला तिथे काही किंमत नाही. कातकरी, कोलाम, माडिया गोंड कुटुंबांनी, तसंच निराधार विधवा, दिव्यांग आणि दुर्धर आजारी व्यक्तींनी प्राधान्याऐवजी थेट अंत्योदयसाठी विचारावं.

नाव लागल्यावर प्रत्येक सदस्याचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, करून घ्या. कामानिमित्त बाहेर असलेल्यांना ते तिथल्या रेशन दुकानातही करता येतं. राबून झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नसेल तर डोळ्यांच्या स्कॅनची सोय असलेलं मशीन मागा. धान्य घेताना ई-पॉसची पावती हातात आल्याशिवाय पिशवी उचलू नका: पाच नावं असतील तर पावतीवर आणि काट्यावर, दोन्हीकडे २५ किलो हवेत. कमी भरलं तर १९६७ वर तक्रार करता येते.